डेटा तुमचाच आहे, पण नेता येणार नाही

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने गेटवरचं ॲप बदलायचं ठरवलं. वार्षिक सभेत या विषयाला पाऊण तास गेला, म्हणजे टाकीच्या गळतीपेक्षा जास्त. जुन्या कंपनीने फ्लॅटमागचं शुल्क वाढवलं होतं आणि मेंटेनन्सची पावती उघडली की आधी कर्जाची जाहिरात यायची, त्यामुळे ठराव एकमताने झाला. खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. चार वर्षांचा मेंटेनन्सचा हिशेब, पार्किंगचे नंबर, भाडेकरूंचे करार, घरकामाला येणाऱ्या बायकांच्या हजेऱ्या, हे सगळं नव्या ॲपमध्ये न्यायचं होतं. सेक्रेटरींनी कंपनीला मेल पाठवला. उत्तर गोड आलं: डेटा सर्वस्वी तुमचाच आहे, आम्ही फक्त सांभाळतो. मग महिनाभर पाठपुरावा केल्यावर आमचा डेटा आला. अकराशे पानांची पीडीएफ. प्रत्येक पानावर कंपनीच्या नावाचा फिकट छाप, तारखा एकीकडे आणि रकमा भलतीकडे, ओळी मध्येच तुटलेल्या. आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आणि मी दोन रविवार बसून शेवटच्या एका वर्षाच्या थकबाक्या हाताने एक्सेलमध्ये उतरवल्या. आधीची तीन वर्षं अजून त्या पीडीएफमध्येच पडून आहेत.

पानं उलटताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. डेटा तुमचाच आहे. हल्ली हे सगळेच म्हणतात. कंपन्या म्हणतात, मंत्री म्हणतात, आणि या कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेले विकेंद्रित वेबवालेही म्हणतात. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तिघे एकच वाक्य बोलायला लागले की मला शंका येते. माझं म्हणणं असं, की मालकी या शब्दानेच इथे आपली गफलत होते. भांडून मिळवायची ती निघून जायची मुभा. हवं तेव्हा, आपलं चंबूगबाळं घेऊन, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी संबंध न तुटता.

मालकी म्हटलं की आपल्याकडे सातबारा डोळ्यांपुढे येतो. जमीन कुणाच्या नावावर, हा तर आपला आवडता प्रश्न. पण ज्याने सातबारा नीट वाचलाय त्याला ठाऊक असतं, की नावाचा रकाना हा त्यातला सोपा भाग. गंमत असते ती 'इतर हक्कां'त. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे, कुळाचं नाव तिथे, सामाईक विहिरीतला चार आणे हिस्सा तिथे. आमच्या गावाकडे एका विहिरीवर तीन घरांच्या पाळ्या होत्या. विहीर एकट्या माझी असं कुणीच म्हणत नसे, पण पाळी चुकली तर फावडी निघत. डेटा मला शेताच्या तुकड्यापेक्षा त्या विहिरीसारखा वाटतो.

माझ्या फोनमधली नंबरांची यादी घ्या. यादी माझी, पण तिच्यातला प्रत्येक नंबर दुसऱ्याचा. एखाद्या ॲपला मी ती पाहायची परवानगी देतो तेव्हा पाचसहाशे लोकांच्या वतीने देतो, त्यांना न विचारता. लग्नातला ग्रुप फोटो कुणाचा? काढणाऱ्याचा, त्यात दिसणाऱ्या चाळीस जणांचा, की ज्याने फोटोग्राफरचं बिल भरलं त्याचा? आणखी टोकाचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या जनुकचाचणी कंपनीचं आहे. मार्च २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, तेव्हा जवळपास दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती ही तिच्याकडची सगळ्यात किमती चीजवस्तू होती. लाळेची नळी पाठवली एकाने, पण त्याची भावंडं आणि मुलंही थोडीफार त्या नळीत गेली. त्यांच्यापैकी कुणाची सही कुठे आहे?

आणि आमच्या गेटवरच्या नोंदी. आमच्या इमारतीत पाच घरी काम करणाऱ्या मावशींची ये-जा चार वर्षं रोज नोंदली गेली. सहा बावन्नला आत, साडेअकराला बाहेर. कामाला तारे द्यायची सोयही ॲपमध्ये होती. मावशींना साडेचार तारे होते, हे मला त्या पीडीएफमधून कळलं. त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता, कारण तारे फक्त सभासदांना दिसत. आता हा डेटा कुणाचा? सोसायटी म्हणणार आमचा, पैसे आम्ही भरले. कंपनी म्हणते तुमचा, आणि वापरते स्वतः. मावशी या बोलण्यात कुठेच नाहीत. मालकीच्या भाषेत हे असंच होतं. ज्याच्याकडे सहीचा अधिकार तो मालक ठरतो, आणि ज्याची माहिती आहे ती बाई दाराबाहेर चपला काढून उभी.

शिवाय मालकीची वस्तू विकता येते, आणि आधी कोण विकतं हे सांगायला नको. वर्ल्डकॉइन नावाच्या प्रकल्पाने जुलै २०२३ मध्ये हेच करून दाखवलं: चेंडूएवढ्या यंत्रात डोळा घाला, बुबुळाचा ठसा द्या, बदल्यात टोकन, म्हणजे डिजिटल नाणं, घ्या. नैरोबीत इतक्या रांगा लागल्या की केनिया सरकारने पुढच्याच महिन्यात तो प्रकार थांबवला. रांगेतल्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, डोळा माझा आहे, तुम्हाला काय करायचंय? मालकीच्या तर्काने त्याचं बिनतोड बरोबर.

आपल्या डेटा संरक्षण कायद्याने मात्र 'मालक' हा शब्द टाळला, त्याचं श्रेय न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीला जातं. मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे आपल्याला ठाऊक असलेले तेच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि पुढच्या वर्षी या समितीचा अहवाल आला. त्यात डेटा गोळा करणाऱ्याला विश्वस्त म्हटलं होतं. माहिती तुमच्या भल्यासाठी सांभाळायची, तिच्यावर स्वतःचा संसार थाटायचा नाही, अशी कल्पना. (विश्वस्त म्हटलं की मराठी माणसाला देवस्थानं, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतली पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं आठवतात, त्याला इलाज नाही. पण निदान आपल्याला हे तरी माहीत आहे, की विश्वस्तावर कुणीतरी डोळा ठेवावा लागतो.)

आता विकेंद्रित वेबकडे वळतो. तिचे पुरस्कर्ते म्हणतात की कायदे करत बसू नका, रचनाच अशी करा की मक्ता कुणाकडे जमणारच नाही. या म्हणण्यात दम आहे, कारण वेब जन्माला आलं तेच तसं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने तिचा सगळा ऐवज जगाला फुकट खुला केला. परवाना नाही, शुल्क नाही, कुणाला विचारायचं नाही. ज्याच्याकडे संगणक आणि जोडणी त्याने आपलं पान मांडावं. पुढच्या पंधरावीस वर्षांत सगळा बाजार उठून चारदोन मॉलमध्ये गेला, आणि त्याची सल खुद्द बर्नर्स-लींना इतकी, की त्यांनी 'सॉलिड' नावाचा नवा घाट घातला आणि २०१८ मध्ये त्यासाठी कंपनीही काढली. सॉलिडची कल्पना आपल्या डब्यासारखी आहे. तुमचा सगळा डेटा तुमच्या डब्यात. ॲपने यायचं, विचारायचं, डबा उघडून हवं तेवढं घ्यायचं, आणि परवानगी काढून घेतली की झाकण बंद. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात सरकारने यासाठी सार्वजनिक कंपनी उभी केली आहे, म्हणजे ही नुसती स्वप्नरंजनाची गोष्ट नाही. पण डब्यातली भाजी एकदा ज्याने चाखली त्याच्याकडून ती परत कशी घेणार? ज्या ॲपने तुमचा रक्तदाब एकदा वाचला त्याने तो लिहून ठेवला तर डब्याच्या झाकणाला काही कळत नाही. म्हणजे फिरून करार आलाच, कायदा आलाच.

दुसरी वाट मास्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमाची. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ मध्ये ते लिहिलं. एकच मोठी कंपनी नाही, हजारो छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा कारभारी वेगळा, पण सगळे एकमेकांशी बोलू शकतात. जसं एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलला पत्र जातं, तसं. आपल्याकडे हे नाव पहिल्यांदा घुमलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. निमित्त एका जुन्या जर्मन छायाचित्राचं: हॅम्बुर्गच्या जहाजबांधणी कारखान्यात नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा असलेला एकच कामगार. द्वेषाचा प्रसार म्हणून ते चित्र खटकलं! संतापलेली भारतीय मंडळी घाऊक प्रमाणात मास्टोडॉनवर गेली. मीही खातं उघडलं. आठवडाभर खूप उत्साह होता, कोण कुठे आलंय ते शोधण्यात मजा होती. मग हळूहळू लक्षात आलं की ज्यांच्याशी भांडायचं ते सगळे तिकडेच राहिलेत. थोड्याच काळात बहुतेकांची पावलं परत वळली, माझीही.

तेव्हा मी याचं खापर माणसांच्या आळसावर फोडलं होतं. आता तसं वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या, मान्य करा नाहीतर चालते व्हा अशा थाटात, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप उतरवून घेतलं. पण सोसायटीचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, मुलीच्या शाळेचा ग्रुप तिथे, दूधवाला तिथे, गणपतीची वर्गणी तिथे. मी निघालो असतो तर एकटाच निघालो असतो. त्या अटींवरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला. आमचा ग्रुप आहे तिथेच आहे. निघून जायची मुभा म्हणजे फायली उचलून न्यायची मुभा एवढंच नव्हे. माझा नातेवाईक जिथे आहे तिथे तो राहो, मी जिथे जाईन तिथून त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. युरोपीय संघाने हे कायद्यात घातलं. २०२४ पासून व्हॉट्सॲपला तिथे इतर ॲपसाठी दार उघडावं लागलं आहे.

विकेंद्रित रचनेबद्दल आणखी एक भाबडी समजूत आहे, की ती एकदा केली की कायमची. ईमेल बघा ना. त्याच्याइतकं विकेंद्रित दुसरं काही नाही, कुणीही आपला मेल सर्व्हर चालवू शकतो. प्रत्यक्षात चालवून बघा. तुमचं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं, कारण चांगलं पत्र कोणतं आणि वाईट कोणतं हे आता दोनतीन मोठ्या कंपन्या ठरवतात. यूपीआयचंही तसंच. ते विकेंद्रित नाही, मधे एनपीसीआय ही ते चालवणारी संस्था बसलेली आहे, पण खुलं जरूर आहे: कुठल्याही बँकेतून कुठल्याही ॲपने कुठेही पैसे. २०१६ ला सुरू झालं तेव्हा वाटलं होतं की पन्नास ॲप नांदतील. आज दर दहातले आठ व्यवहार दोनच ॲपमधून होतात. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त वाटा नको, हा नियम २०२० चा. त्याची मुदत लांबत लांबत आता २०२६ च्या अखेरीवर गेली आहे. तरीही यूपीआयबद्दल मला ईमेलपेक्षा कमी चिंता वाटते, कारण उद्या त्यातलं एक ॲप बिघडलं तर मी पाच मिनिटांत दुसरं घेतो. माझं बँक खातं तेच, भाजीवाल्याचा क्यूआर तोच. मक्तेदारी आहे, पण बेडी नाही.

आणि ज्यांना ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली, मागाहून खोडता न येणारी नोंदवही, हे सगळ्यावरचं रामबाण औषध वाटतं, त्यांना मी गडचिरोलीला पाठवीन. २०२२ मध्ये एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचा प्रयोग झाला. हेतू चांगला, दाखल्यात कुणी खाडाखोड करू नये. साखळीवर दाखल्याचा गणिती ठसा राहतो, त्यामुळे कागद नंतर बदलला तर लगेच पकडता येतं. पण महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याचं भांडण खाडाखोडीपुरतं कधी होतं? दाखला तहसीलमधून, प्रांताकडून रीतसर निघतो, आणि मग जात पडताळणी समितीपुढे आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्षानुवर्षं कीस पडतो. दाखला खरा कागद आहे की नाही हे यंत्र सांगेल, त्यावरची गोष्ट खरी की नाही हे माणसांनाच ठरवावं लागतं.

मास्टोडॉनवरच्या छोट्या सर्व्हरांचीही अशीच एक गोष्ट. क्विअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता. यातलं 'एएफ' म्हणजे अफगाणिस्तानचं डोमेन, वेबपत्त्याचं त्या देशाच्या नावचं शेपूट. नाव चटपटीत वाटलं म्हणून घेतलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये काबूलच्या तालिबान सरकारने ते नावच काढून घेतलं आणि सर्व्हर जागच्या जागी मुका झाला. सर्व्हर तुमचा, यंत्र तुमचं, नाव मात्र भाड्याचं. मास्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना तुमच्यामागचे लोक तुमच्याबरोबर येतात, ही खरोखर मोठी सोय आहे. पण तुम्ही आजवर लिहिलेलं सगळं जुन्या घरीच राहतं.

मराठी माणसाला हे नवं नाही, आपण तर आपल्याच मजकुराला मुकून बसलेली जमात आहोत. ज्यांनी २००० च्या आगेमागे संगणकावर मराठी टंकलं त्यांना विचारा. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट निराळा. आतून काय चालायचं, तर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चिकटवलेले. फॉन्ट असेपर्यंत ते मराठी. फॉन्ट गेला की पडद्यावर टोप्या घातलेल्या, टिंबं लावलेल्या रोमन अक्षरांची जत्रा. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून आमच्या गावाचा इतिहास टंकून घेतला होता. ती फ्लॉपी माझ्याकडे आहे, फाइलही मी उतरवून घेतली आहे, मालकीबद्दल तर वादच नाही. वाचता येत नाही. तिच्यातला फॉन्ट कुठल्या गल्लीतल्या कुठल्या डीटीपीवाल्याकडचा होता ते सांगायला ना तो डीटीपीवाला उरला ना वडील. याच काळात युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून जागा होती, आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला होता. पण फॉन्ट विकणाऱ्यांना आपापली कुंपणं प्यारी होती आणि आपल्याला कळत नव्हतं. पुढे सगळे युनिकोडवर आले आणि आज मी हे जे लिहितोय ते तुम्ही फोनवर, लॅपटॉपवर, कुठेही वाचू शकता. आजवर मराठी मजकुराला कुणी खरंखुरं स्वातंत्र्य दिलं असेल तर ते या कंटाळवाण्या तांत्रिक तहाने दिलं. आमच्या सोसायटीच्या पीडीएफला हाच तह हवा होता.

उलट बाजूने, स्वदेशी म्हणजे आपलं हाही भ्रम नको. ट्विटरसारखं देशी ॲप 'कू' आठवतंय? मराठीतही चालायचं, मंत्री आणि सरकारी खाती हिरिरीने तिकडे गेली होती. जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. गूगलचं समाजमाध्यम ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं तेव्हा कॅलिफोर्नियाला नावं ठेवता आली होती, आता बंगळुरूला ठेवायची का?

मग मागायचं काय? मला वाटतं उत्तर आपल्या खिशातच आहे. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. 'पोर्ट' लिहून १९०० ला एसएमएस करा, तेव्हाच्या दराने फार तर १९ रुपये भरा, नंबर तोच ठेवून कंपनी बदला. त्याआधी कंपनी बदलणं म्हणजे नंबर बदलणं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डं, दुकानाची पाटी, गावाकडच्या चुलत्याच्या डायरीतलं पान, सगळं बदलणं. कंपन्यांनी तेव्हा तांत्रिक अडचणींचे पाढे वाचले आणि तारीख कितीदा तरी पुढे गेली. शेवटी झालं. नंबराचा मालक कोण, यावर कुणी वितंडवाद घातला नाही. कागदोपत्री नंबर आजही सरकारी क्रमांक-योजनेतलाच असतो. पण तो घेऊन मी निघू शकतो, हे कंपनीला ठाऊक असतं, आणि म्हणून ती माझ्याशी जरा बरं वागते. सगळेच काही निघत नाहीत. निघता येतं एवढं पुरतं.

श्रीकृष्ण समितीने हाच हक्क डेटासाठी सुचवला होता. मे २०१८ मध्ये युरोपात लागू झालेल्या कायद्यातही तो आहे: माझी माहिती मला यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्या, नाहीतर मी सांगेन त्या दुसऱ्या कंपनीकडे थेट धाडा. आपल्या २०१८ च्या मसुद्यात तो होता, २०१९ च्या विधेयकात होता. ११ ऑगस्ट २०२३ ला जो कायदा झाला त्यातून तो गळाला. आता आपल्याला आपल्या माहितीचा 'गोषवारा' मागता येतो, चूक दुरुस्त करून घेता येते, पुसायला सांगता येतं. इतकंच काय, मेल्यानंतर आपल्या वतीने हे हक्क कुणी बजावायचे त्याचं नामनिर्देशनही करता येतं. जिवंतपणी बिऱ्हाड हलवायचा हक्क तेवढा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम आले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली, आणि चर्चा झाली ती दंडाच्या २५० कोटींची. गळालेल्या कलमाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात महागात पडणारी दुरुस्ती तीच आहे, आणि ती परत घालायला हवी.

यावरचा एक आक्षेप मला खरोखर अडवतो. दार मोठं केलं की चोरही त्यातूनच जातो. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं त्याचं मूळ हेच होतं. फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपला लोकांनी आपली माहिती दिली आणि फेसबुकच्या त्या काळच्या ढिल्या नियमांमुळे त्यांच्या मित्रांचीही गेली, कोट्यवधी लोकांची. सामाईक विहिरीतून एकाने पंप लावून सगळं पाणी उपसावं, तसं. तेव्हा मी नेईन ते माझ्या पाळीचं पाणी असलं पाहिजे, विहीर नव्हे. मी लिहिलेलं, मी भरलेलं, माझ्याबद्दल नोंदलेलं. इतरांचं काय, हे प्रत्येक वेळी किचकट होणार आहे आणि ते सोडवायला नियमच लागतील. पण नंबर पोर्टेबिलिटीचं तरी काय झालं? सिम बदलून, नंबर पळवून लोकांची बँक खाती साफ झाली. म्हणून पोर्टेबिलिटी कुणी बंद केली नाही. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, असा नियम आला. दाराला कडी बसवली, भिंत बांधली नाही.

दुसरा आक्षेप सिग्नलचा जनक मॉक्सी मार्लिनस्पाइक याने २०२२ मध्ये रोखठोक मांडला होता: लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवायचे नसतात, आणि कधीच नसणार. शंभर टक्के खरं. मलाही नको आहे. मला विहीर हवी, पण पहाटे चारला उठून मोटर चालू करायला मी जाणार नाही. मग कुणी करायचं? इथे मला महाराष्ट्राची एक जुनी सवय आठवते. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उसाचं उत्तर शोधलं ते खासगी गिरणीमालक आणि सरकार यांच्या मधलं. सर्व्हरचं का शोधू नये? सोशल डॉट कूप नावाचा एक मास्टोडॉन सर्व्हर सभासदांच्या वर्गणीवर, सहकारी तत्त्वाने, कित्येक वर्षं चालतोय. एखाद्या पतसंस्थेने, ग्रंथालयाने, शिक्षक संघटनेने आपल्या सभासदांचा डेटा सांभाळायला काय हरकत आहे? हे लिहिताना माझाच हात जरा अडखळतो. सहकाराचं पुढे काय झालं हे मला माहीत आहे. कारखाने घराण्यांचे झाले, बँका बुडाल्या, ठेवीदार पासबुकं घेऊन उन्हात उभे राहिले. सहकारी सर्व्हरचाही एक चेअरमन होईल आणि चेअरमनला एक भाचा असेल. म्हणूनच मी निघून जायच्या मुभेशी येऊन थांबतो. उसाला ती नव्हती. झोनबंदीच्या काळात शेजारचा कारखाना चांगला भाव देत असला तरी ऊस आपल्याच कारखान्याला घालावा लागे, आणि तिथून सगळं नासत गेलं. सर्व्हर कंपनीचा असो, सरकारचा असो वा सहकारी, माझा ऊस मला दुसरीकडे घालता आला पाहिजे.

मावशींचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर त्यांनी आमच्याकडची तीन कामं सोडली आणि जवळच्याच नव्या टॉवरमध्ये धरली. तिथल्या गेटवर ॲप वेगळं. फोटो काढला, आधार घेतलं, आणि आधीचं रेकॉर्ड विचारलं. मावशी माझ्याकडे आल्या, "दादा, तुमच्या त्या कॉम्प्युटरमधी माझं हाय ना सगळं?" मी पीडीएफमध्ये शोधलं, त्यांचे साडेचार तारेही त्यांना सांगितले. त्यांचं नाव तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी होतं, हजेरीची पानं दोनशेच्या वर. ते कुणाच्या कामाचं? शेवटी सेक्रेटरींनी सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या: २०१७ पासून आमच्याकडे काम, वागणूक चांगली, कसलीही तक्रार नाही. खाली सही, सहीवर गोल शिक्का. मावशींनी कागद हातात घेतला, मला वाचून दाखवायला सांगितला, आणि म्हणाल्या, "ते तारे बी लिवा की यात."

सेक्रेटरींनी पेन परत उघडलं आणि शिक्क्याच्या बाजूला लिहिलं, साडेचार तारे.